बेदाण्याच्या काड्या

मिथेनॉलमधलं जांभळं द्रावण.
उजेड लागू नये म्हणून बाटलीला चांदीचा कागद,
वर मुलाणीमामांच्या अक्षरात:
हात लावू नये. मगदूम मॅडम.
त्यातल्या प्रत्येक रेणूत एक इलेक्ट्रॉन सडाफटिंग,
म्हणून तो रंग.
कुणी आपल्यातला एक दिला की रंग उतरतो,
पिवळट होत जातं,
यंत्रावर पाचशे सतराला आकडा खाली येतो.
एवढंच मोजायचं असतं.
वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकते:
चौतीस वर्षांच्या बाई, एकट्या,
आणि शिकवतात काय, तर जोडी नसलेल्यांचा उपद्रव.

तासगावच्या पुढे, सावळजच्या रस्त्याला एक शेड.
बायका बेदाणा निवडतात,
काडी इकडे, मणी तिकडे.
काड्यांचं पोतं कोंडाबाईनं फुकट दिलं,
"न्या की, आमी पेटवतोच त्या."
दळल्या, भिजवल्या, गाळल्या.
आणि पहिल्याच चाचणीत
जांभळं गेलं.
अर्धा तास अंधारात ठेवायचं असतं,
मी कपाटाचं दार लावेस्तोवर गेलं,
क जीवनसत्त्वाच्याही आधी.
मामांनी नळ्या पुन्हा धुतल्या.
तिसऱ्यांदाही तेच.
त्या रात्री विश्रामबागच्या खोलीत
शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा लिहून टाकलं.
त्यात "आश्चर्यकारक" होतं. खोडलं. परत लिहिलं.

रविवारी दुसरं पोतं आणायला गेले.
शेडच्या टोकाला ताडपत्री लावलेली खोली,
आणि नाकात वास,
काडेपेटी ओढल्यावर येतो तसला.
"गंधक," कोंडाबाई म्हणाली, पदर नाकाला,
"धुरी दिल्याबिगार रंग ऱ्हात न्हाई मालाचा."
काड्यांनाही?
"काड्या काय येगळ्या बसत्यात व्हय?"

परतीच्या एसटीत पोतं पायाशी.
मिरज फाट्यापर्यंत कुणाशी बोलले नाही.
जांभळं गंधकानं पुसलं होतं.
द्राक्षाचं त्यात किती, कुणास ठाऊक.
यंत्राला दिलेलं दिसतं,
देणारा दिसत नाही.

मग कोंडाबाईच्या दिराकडच्या,
बिनधुरीच्या, सावलीत वाळलेल्या काड्या.
या वेळी अर्धा तास खरंच थांबले,
बंद कपाटासमोर स्टुलावर.
मधेच लाइट गेली, आली,
यंत्र पुन्हा तापायला बसलं, चहा निवला.
दार उघडलं तर नळीत
वांगी धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी,
जांभळं म्हणवेना, पिवळंही नाही.
एक्केचाळीस टक्के.
"कमी आलं?" मामांनी विचारलं.
कमीच. पण काड्यांचं.

शीर्षक खोडलं.
गंधकाची पानं वहीत ठेवली, तारखेसकट.

काल एका मुलीनं हात वर केला.
"मॅडम, जो देतो त्याचं काय होतं मग?
तोही एकटाच पडला की."
फळ्यावर षटकोन काढला.
पडतो, म्हटलं.
पण तो कुणाच्या अंगावर जात नाही.
आपलं एकटेपण या कड्यात फिरवत राहतो,
इथे थोडं, तिथे थोडं,
कुठल्याच कोपऱ्याला जड होऊ देत नाही.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
मग घंटा.
षटकोन पुसायचा राहिला,
पुढचा तास गणिताचा होता.