चावीवाला

बिंदू चौकात, तुरुंगाच्या भिंतीच्या सावलीला,
दुपारी तीन.
फलक म्हणजे साडीच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर भाचीच्या अक्षरात:
‘शहरातली तळी बघायला चला, पायी.’
खाली बारीक: ‘पिण्याचे पाणी बरोबर आणावे.’

आज सहाजण.
दोन कॉलेजची पोरं,
इचलकरंजीचं एक जोडपं, उन्हावरून आधीच भांडलेलं,
निवृत्त मास्तर बोरगावे, वहीसकट,
आणि पासाऊ गावची हॅटवाली उर्सुला.
तिच्या गावात म्हणे वाटाड्या
छत्री उंच धरून पुढं चालतो.
(पोरं तिचं मराठी करतात, जमेल तसं.)

मी चावी धरतो.
चार फुटी, लोखंडी, वर आडवा दांडा.
हिनंच एकतीस वर्षं पेठांना पाणी सोडलं,
पहाटे चारला मंगळवार,
संध्याकाळी साडेपाचला शिवाजी.
निवृत्त झालो तेव्हा शाल दिली, नारळ दिला,
चावी परत मागायची राहून गेली.

हे रावणेश्वर. इथं तळं होतं.
आता फुटबॉल चाललाय, दोन तालमींचा, मैत्रीचा,
तरी रेफरीच्या आईचा उद्धार झालाय दोनदा.
मी सांगतो, तो गोलकीपर
आत्ता गळ्याएवढ्या पाण्यात उभा आहे.
पोरं हसतात.
गोल होतो.

हे कपिलतीर्थ. इथंही तळं.
आता मेथी, घेवडा, वजनकाटे,
आणि कोपऱ्यात सोनाक्का, पोतं अंथरून.
‘आलासा व्हय पुन्यांदा माणसं बुडवायला?’
म्हणत ती पोत्याचं टोक वर उचलते.
खाली फरशी. फरशीवर वांग्याचं एक देठ.
‘बगा. हितंच हुतं.’
उर्सुला वाकून खरंच बघते,
मग अर्धा किलो गवारी घेते,
हॉटेलात चूल नसताना.

‘कुठल्या साली बुजवलं?’ मास्तर पेन काढतात.
मी एक साल सांगतो.
‘मागच्या फेरीत दुसरं सांगितलंत.’
खरंय.
साल माझ्याजवळ टिकत नाही, प्रेशर टिकतं.
कुठल्या बोळाला उतार किती,
आठ इंची कुठं सहा इंचीला मिळते,
पाणी आल्याबरोबर कोण कळशी लावतं, कोण मोटर,
झोपेत उठवून विचारा.

उसाचा रस, बिनबर्फाचा.
उर्सुला सांगते, तिच्या गावात तीन नद्या मिळतात,
कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं
त्याच्या रेघा आहेत भिंतीवर.
‘आमच्याकडं पाच,’ मी म्हणतो,
आणि मग दोघंही ग्लासात बघत राहतो.
आलेल्या पाण्याला रेघ मिळते.
घालवलेल्या पाण्याची रेघ कोण मारणार, आणि कशावर?

पाच वाजून गेलेत. गांधी मैदान, म्हणजे वरुणतीर्थ.
मे महिना असून एका कोपऱ्यात ओल.
चावीचं टोक लोखंडी झाकणावर टेकवतो,
वरच्या दांड्याला कान लावायला सांगतो.
आम्ही रात्री असंच ऐकत हिंडायचो, गळती कुठं ते.
जोडपं आळीपाळीनं ऐकतं,
भांडण मिटवून नाही, बाजूला ठेवून.
मास्तर ऐकतात, लिहीत नाहीत.
उर्सुला हॅट काढते.
बराच वेळ.
‘तळं?’ असं विचारते, पोरांकडून.

हो म्हणालो असतो
तर फेरी छान संपली असती.
‘नाही बाई. आठ इंची पाइप. जॉइंट गेलाय.
तीनदा अर्ज दिलाय, पोचपावत्या घरी आहेत.’
पोरं सांगतात तिला, पोचपावतीशी अडखळतात.
ती मान हलवते. कान काढत नाही.

पैसे गोळा होतात, माणशी शंभर.
गवारीची पिशवी ओलीवर टेकलीय, तिला पत्ता नाही.
मी घड्याळ बघतो. साडेपाचला दोन मिनिटं कमी.
आता कोण सोडतो, नाव ठाऊक नाही,
पण वेळेचा पक्का आहे पोरगा.
‘थांबा जरा,’ मी तिला खुणेनं सांगतो,
‘आता आवाज बदलेल.’