ब्याऐंशी

मे महिना. रबाळ्याच्या एमआयडीसीत
डांबर चपलेला धरून ठेवतंय,
आणि मी हसुराम म्हात्रेला सांगतेय
की गाडीचा हीटर नीट चालत नाही.

तो पाना खाली ठेवतो.
"गारीला हीटर? कनाला?"
पंक्चर काढणारा पोरगाही मागे वळून हसतो.
मीही हसते जराशी. मग सांगते.

बाबांना थंडी वाजते.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास
रक्त नळीतून बाहेर जातं, यंत्रातून फिरतं
आणि परत येतं ते थोडं निवून.
सिस्टर म्हणाल्या, होतं असं, शाल आणत जा.
शाल आहे. कानटोपी आहे. आईचे उरलेले लोकरी मोजे आहेत.
तरी कोपरखैरण्याहून निघालं की
घणसोलीपर्यंत त्यांचे दात वाजतात,
बाहेर सदतीस अंश असताना.

हसुराम बॉनेट उचलतो.

रेडिएटरमधलं पाणी दोन बोटं खाली,
कूलंट नाहीच, नुसतं नळाचं, उकळून काळ्या झालेल्या चहासारखं.
आत जाणाऱ्या दोन नळ्या दाखवतो. "हात लावा."
एक कोमट. दुसरी त्याहून कोमट.
नळ्या सोडवून उलट्या बाजूने पाणी मारतो;
आधी गंज येतो, मग आणखी गंज,
मग एकदाचं पाणी.
परत जोडतो, इंजिन चालू ठेवतो,
आणि आम्ही दोघं काट्याकडे बघत बसतो
दूध उतू जाईल म्हणून बघावं तसे.

वीस मिनिटं. काटा पाव घराच्या पुढे सरकत नाही.

"चरतच नाय," तो पुटपुटतो, आणि गप्प होतो.
इंजिन निवू देतो. दोन बोल्ट खोलतो.
आत थर्मोस्टॅट असायला हवा.
आत भोक आहे.

"मीच कारलेला," तो म्हणतो. "गायमुखाला उकललेली ना गारी."

हो. दोन हजार नऊ. घाटात वाफ,
आणि रस्त्याच्या कडेला बाबा, बाह्या दुमडलेले, घामेजलेले,
सगळ्या जगाला ऐकू जाईल असं म्हणालेले:
काढून टाक ते. ठाण्यात कशाला हवंय?
इंजिन थंड राहिलेलं बरं.

तो तसा साधा असतो, हसुराम समजावतो.
दारावर बसवलेला राखणदार.
पाणी पुरतं तापल्याशिवाय बाहेर सोडत नाही.
त्यालाच घालवला की पाणी आलं तसं गेलं.
म्हणजे एवढी वर्षं गाडी कधी उकळली नाही,
आणि कधी धड तापलीही नाही.

नवा साडेचारशेला. पितळेची चकती, पोटात स्प्रिंग,
कडेला बारीक अक्षरांत ८२.
गंज काढल्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.
बरंच वेळ हात पुसत राहिला.

रिकामं खोकं मी घरी नेलं.
बाबांनी चष्मा वर करून आकडा वाचला.
"म्हणजे माझ्यापेक्षा आठ वर्षांनी थोरला," म्हणाले.
गायमुखाचं त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

शनिवारी काचा बंद. मूठ लाल टोकापर्यंत. पंखा दोनवर.
आधी जळक्या धुळीचा वास आला,
मग ती हवा.
माझा कुर्ता पाठीला चिकटला, भुवईतून घाम डोळ्यात,
सिग्नलला एक बाईकवाला वाकून आत बघून गेला.
बाबांनी शालीतून एक हात काढला,
सुई टोचलेला, पट्टीचा,
आणि जाळीसमोर धरला, तळवा आत, मग बाहेर,
इस्त्री तापलीय का बघावी तसा.

दात वाजले नाहीत. मी मोजत होते.

रबाळ्याच्या पुलाखाली, हसुरामच्या गल्लीच्या तोंडाशी,
त्यांनी एक मोजा पायानेच ढकलून काढला.
"उकडतंय गं," म्हणाले, चिडून, पूर्वीसारखे.

मी लगेच बंद केला नाही.