मंगळवार, साडेचार

वडगावच्या मागांची खटखट
खिडकी लावली तरी आत येते.
यल्लोजी बूट दाराशी काढतो,
टोकं बाहेरच्या वाटेकडे.

अकरा मंगळवार
तो एकच गाय पुरतोय वाळूत.
मी विचारत नाही, कोण गेलं.
फायलीत आहे सगळं: आई, मार्च, धारवाडचं हॉस्पिटल.
फाईल कपाटात आहे.

बाप म्हणतो, 'शाळेत गप, घरात गप,
मारून बगितलं, तरी गप.'
हे सांगताना तो स्वतःच्या बोटांवरचं सूत काढत होता.

आज गाय पुरून झाल्यावर
यल्लोजीनं वाळूवर कान टेकला.
मग मीही, पलीकडून.
आमच्या मध्ये वीतभर वाळू.
आणि तो तिला म्हणाला,
हळू, आईच्या कन्नडात:
'बागला हाकब्याड.'
दार लावू नको.

मी कन्नड शिकले बत्तिसाव्या वर्षी,
सरकारी फॉर्म भरता यावेत म्हणून.
ओठ हलले माझे, पण कुठल्या भाषेत बोलू?
तेवढ्यात पाच वीस झाले.

तो बूट घालत बसला. डावा उजव्यात.
दार मी सताड उघडं धरलं.
पुढचे दोन मंगळवार दसऱ्याची सुट्टी,
हे त्याला आज सांगायचं होतं.