अतारांकित

बाईंचं भाषण टाईप केलं तेव्हा
माझगावच्या कार्यालयात पंखा बंद होता.
खाली दोरखंडांचं आणि जुन्या होकायंत्रांचं दुकान,
वर आम्ही : एक खासदार, चार खुर्च्या, मी.

भाषण परदेशात व्हायचं होतं,
एका लांबच्या देशातल्या कैद्यांवर.
बाईंनी तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं.
मानवी हक्क म्हणू की मानवाधिकार?
मी म्हटलं, हक्क म्हणा, तो मागता तरी येतो,
अधिकार कुणीतरी द्यावा लागतो.
बाई हसल्या. भाषण इंग्रजीत केलं.

टाळ्या बऱ्याच पडल्या म्हणे.
चौथ्या पानावरचा फोटो कापून
मी फायलीला लावत होते
तेव्हा रुकय्याबी सारंग जिना चढून आल्या.
डोंगरीहून चालत.
बसला पैसे होते, म्हणाल्या,
पण बसून राहिलं की डोक्यात नको ते येतं.

पिशवीत नईमच्या सीडीसीची झेरॉक्स,
एजंटची पावती, आणि एक फोन
ज्यात मुलगा अकरा सेकंद बोलतो.
जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा,
विमा तिसऱ्याचा, तोही संपलेला.
मालक बुडाला, म्हणून बंदराने जहाज धरून ठेवलंय.
नऊ महिने. सात खलाशी.
डिझेल दिवसाला तासभर पुरतं,
त्यात फोन चार्ज करायचे की भात शिजवायचा
यावरून मारामारी झाली एकदा.
पासपोर्ट बंदर-अधिकाऱ्याच्या कपाटात.

कैदेत आहे का, मी विचारलं.
अर्जात तसा रकाना असतो.
नाही हो, त्या म्हणाल्या, दार उघडंच आहे.
बाहेर पाणी आहे.

बाईंनी प्रश्न दिला. सोडतीत नाव लागलं नाही,
म्हणून तो अतारांकित झाला.
उत्तर आलं, दोन्ही बाजूंना छापलेलं, सुबक :
(अ) होय.
(ब) माहिती संकलित करण्यात येत आहे.
(क) प्रश्न उद्भवत नाही.
मी रुकय्याबींना (ब)पर्यंत वाचून दाखवलं.

अतारांकित म्हणजे?
म्हणजे मंत्र्यांना उठून बोलावं लागत नाही,
कागद येतो.
आणि तारांकित?
त्यावर तारा असतो. मग उठावं लागतं.
त्या थोडा वेळ गप्प बसल्या.
माझा सासरा सरंग होता, म्हणाल्या,
पुढचं बोलल्या नाहीत.

खोटं कशाला सांगू, बाई झोपल्या नाहीत त्या आठवड्यात.
रात्री दोनला वकिलातीत फोन,
तिकडे संध्याकाळ, तिकडे जेवणाची सुट्टी,
तिकडे कुणाची तरी बदली झालेली.
एकदा त्या इतक्या ओरडल्या
की खालचा दुकानदार वर आला.
पण दुसऱ्या पत्राचा मसुदा दिल्लीहून परत आला
तेव्हा त्यात देशाचं नाव नव्हतं.
'एका मित्र राष्ट्राच्या बंदरात' असं होतं.
करार व्हायचाय, कुणीतरी समजावलं असणार,
जरा सबुरीनं घ्या.
लांबच्या त्या देशाचं नाव
भाषणात अकरा वेळा होतं, मीच मोजलंय.

मी पत्र टाईप केलं.
मित्र राष्ट्र काढलं, नाव घातलं.
बंदराचंही, खलाशांचीही,
सातही, वडिलांच्या नावासकट.
सही घ्यायला गेले तेव्हा बाई फोनवर होत्या.
चष्मा कपाळावर.
पेन पहिल्या ओळीवर थांबलं
एखाद्या श्वासाइतकं, कदाचित जास्त,
मग खाली जाऊन सही केली.
वाचलं का? मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.

पोचपावती आली आहे.
पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न पुन्हा दिलाय,
या वेळीही तारा मागून.
रुकय्याबी गुरुवारी येतात,
चहा घेत नाहीत, पाणी घेतात,
फोन माझ्या टेबलावर ठेवतात
आणि अकरा सेकंद लावतात.
नवीन काही नाही त्यात.
भात झाला का, विचारतो तो,
आईला, की मागे उभ्या असलेल्या कुणाला,
ते अजून आम्हाला नीट कळलेलं नाही.