सावलीचं बिल

एर्मोसीयो, ऑगस्ट, सत्तेचाळीस अंश.
सेन्योरा सासुएता आल्या तेव्हा
गाडीच्या चारी काचा खाली
आणि मांडीवर ओला टॉवेल.

"मेमध्ये गॅस भरला. जुलैत भरला. परवा पुन्हा."
कुणी भरला, ते मी विचारलं नाही.
रोग रेड्याला, औषध पखालीला,
हा धंदा आमच्या गल्लीत जोरात चालतो.

इव्हॅपोरेटर कुणाला दिसत नसतो.
डॅशबोर्डच्या पोटात, अंधारात,
वहीएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा,
पात्यांची दाटी अशी की नख शिरू नये.
व्हॉल्व्हच्या चिंचोळ्या तोंडातून
दाबलेला द्रव फवारा होऊन आत सुटतो,
जागा मिळताच उकळतो.
हो, उकळतोच, बर्फाच्या वेशीवर,
आणि त्यासाठी लागणारी ऊब
तुमच्या घामेजल्या हवेतून उचलतो.
लोक म्हणतात, एसी गारवा देतो.
देत काही नाही. नेतो.

माझ्या बापाच्या दुकानापुढे मातीचा घडा टांगलेला असे.
तो पाझरायचा, म्हणून पाणी गार.
हा त्याचाच भाऊबंद, पण उलट्या स्वभावाचा.
पाझरला की मेला.

पिवळा चष्मा चढवून निळा दिवा मारला.
पाणी जायच्या नळीच्या तोंडाशी
पोपटी, तेलकट ठिपका.
मोहरीएवढा. पुरे.

मग अख्खा दिवस.
स्टिअरिंग खाली, रेडिओ बाहेर,
वायरींची आतडी सीटवर पसरलेली,
आणि दहा नंबरचा पाना, जो नेहमीसारखा हरवला,
नेहमीसारखा माझ्याच खिशात निघाला.
पेटी उघडली तर कुबट वास,
एक दहा पेसोंचं नाणं,
आणि तळाच्या कोपऱ्यात चहाच्या चोथ्यासारखा
काळा, ओला लगदा.

बोटांत चुरडून पाहिला.
मेस्किटची पानं. बाभळीसारखी बारीक,
जाळीतून पिठासारखी गळणारी.
या जुन्या मॉडेलला फिल्टर नाही.
पात्यांवरचं दव रोज त्यांच्यावर निथळायचं,
पानं कुजायची, आंबायची,
आणि तो आंबट ओलावा वर्षानुवर्षं
धातूला चाटत बसायचा.
खाली पांढरी भुकटी. भुकटीखाली भोक.

दोन रोसेंदो मला ठाऊक होते.
पंपांच्या गोदामात हिशेब लिहायचे.
दारासमोर जागा असली तरी गाडी लावायचे
दोन गल्ल्या सोडून, त्या एकाच मेस्किटखाली.
दुपारी रुमाल डोक्यावर धरून
उन्हातून चालत जायचे कामावर,
का, तर गाडी तापू नये.
फेब्रुवारीत गेले.

सेन्योरांनी विचारलं, "कशामुळे बिघडला?"
मी म्हटलं, "वय झालं होतं."

त्यांनी ट्रेमधला लगदा पाहिला.
एक पान उचललं, वासही घेतला,
नाक मुरडलं.
"एकोणीस वर्षं सांगत होते मी त्याला,
त्या झाडाखाली लावू नकोस, पक्षी घाण करतात.
तर म्हणायचा, ओफेलिया, सावली फुकट असते."
आणि हसल्या, अशा की
पलीकडचा टायरवाला वळून बघायला लागला.
"किती झालं या फुकटचं?"

मी आकडा सांगितला. नाणं परत दिलं.
त्यांनी तेही बिलात मोजलं.

नवा इव्हॅपोरेटर, नवा व्हॉल्व्ह, निर्वात पंप पाऊण तास,
सुई हलली नाही तेव्हाच गॅस.
जाळीखाली बारीक तारेची चाळण बसवली,
ती बिलात धरली नाही.
शेवटी एक स्क्रू उरला. एक उरतोच.

गाडी दहा मिनिटं उभी ठेवली
तर खाली फरशीवर पाण्याचं बोट सरकू लागलं.
त्या घाबरल्या, "पुन्हा गळतंय?"
"हे गळायलाच हवं, सेन्योरा.
हे गळायचं थांबलं, तर या."

शनिवारी त्या गल्लीतून गेलो.
पांढरी निसान मेस्किटखाली.
काचा बंद, टपावर पानांचा सडा,
आणि पुढच्या काचेवर, आतून,
उन्हासाठी पसरलेला
पुरुषी, चौकटीचा रुमाल.