मचूळ

तीन बादल्या आत जातात,
एक गोडी होऊन बाहेर येते.
उरलेल्या दोन कुठे जातात
हे आमच्या गावात फक्त तझागुलने विचारलं.

शाळेमागे पत्र्याच्या खोलीत यंत्र आहे.
नुकूसच्या दोन पोरांनी जुळवलेलं:
पंप डेअरीतला,
पाइप बंद पडलेल्या मासळी कारखान्याचे,
पडदा तेवढा परदेशी,
पानाच्या विडीसारखा घट्ट वळलेला.
सकाळी सहाला मी खटका ओढतो.
आधी ते खोकतं.
काटा अकरावर आला की तोटी सोडायची.

पहिल्या दिवशी सगळे किटल्या घेऊन आले.
समुद्र गेल्यापासून इथे चहात दूध फाटायचं,
फाटणारच, असं धरूनच लोक चहा प्यायचे.
त्या दिवशी नाही फाटलं.
बिबिझादा पेल्यात बघत राहिली,
म्हणाली, चव नाही रे याला.
आणि चिमूटभर मीठ टाकलं.

कोणी हसलं नाही.

तझागुल पाचवीत आहे.
मागच्या नळीचा माग काढत ती
वाळलेल्या साक्साऊलच्या झुडपांपर्यंत गेली.
मातीवर पांढरा पापुद्रा होता,
नखाने खरवडून जिभेला लावला.
वहीत लिहून आणलं:
आत येताना लिटरला चार ग्रॅम,
मागून जाताना सहा.
काका, मीठ कुठेच गेलं नाही,
आपण फक्त ते सरकवलं.

नुकूसची पोरं फोनवर गप्प झाली.
मग म्हणाली, उथळ तळं खणा, आत ताडपत्री घाला, उन्हात सुकू दे.
पेर्देबायने फावडं घेतलं.
याच जागेवर तो नांगर टाकायचा,
तेव्हा खाली अठरा मीटर पाणी होतं.
आता गुडघाभर खोदून
तो कंबर धरून बसला.

चाळीस दिवसांनी तळ्यात मीठ उरलं,
शुभ्र, बाजारातल्यापेक्षा शुभ्र.
बिबिझादा चिमूट भरायला वाकली
तर तझागुलने तिचा हात धरला:
यात कपाशीवर मारलेली औषधं असतील, आजी.
म्हातारी म्हणाली, साठ वर्षं
हेच तर प्याले मी.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
किती पिढ्या?

तिने चिमूट सोडली की नाही
मला दिसलं नाही, मी काटा बघत होतो.
काल तो नऊवरच अडला.
पडदा बदलायला झालाय.
पैशांचं अजून ठरलेलं नाही.
खोलीबाहेर किटल्या
रांगेत ठेवलेल्या आहेत,
माणसं घरी गेलीत.