इकडील क्षेम

बाबांची पत्रं बिस्किटांच्या डब्यात आहेत.
प्रत्येकाच्या कोपऱ्यात, वर्तुळात, क्रमांक,
म्हणजे एखादं गहाळ झालं तर आईला कळावं.
सतरावं गहाळ आहे.

'सौ. मंदाकिनीस अनेक आशीर्वाद. इकडील क्षेम.'
आणि लगेच, फ्यूज उडाला तर काय करायचं.
आधी मेन स्विच. हात कोरडे. पायाखाली लाकडी पाट.
तार एवढीच जाड घ्यायची, असं लिहून
कागदालाच टाचलेला तारेचा तुकडा.
शेजारी आकृती, आकृतीत बाण,
बाणाखाली ठळक: इथे हात लावू नये.

युद्ध एका ओळीत.
'काम बरंच आहे. जमीन मऊ आहे.'
सुरुंग काढणाऱ्याला जमीन मऊ असणं
बरं की वाईट,
हे आईनं खडकी बाजारात कुणाला विचारायचं?
ती रॉकेलच्या रांगेत उभी राहायची,
घरी येऊन काचांवरचा काळा कागद
पुन्हा खळीनं चिकटवायची.
कारखान्याचा भोंगा झाला
की आधी माझ्याकडे बघायची, मग घड्याळाकडे.

बाविसाव्यापासून अक्षर तिरकं.
'थंडीनं बोटं आखडतात, म्हणून पेन्सिल.'
आईनं चार रात्रींत हातमोजे विणले,
पार्सलवर लाख लावताना अंगठा भाजून घेतला.
चोविसाव्यात: 'मोजे छान बसले. ऊब आहे.'
तेही तिरकं.

ते आले तेव्हा मार्च संपत होता.
पंखा लावला त्याच रात्री फ्यूज उडाला.
बाबा खुर्चीतून उठेपर्यंत
आई पदर खोचून लोखंडी स्टुलावर,
पायाखाली पाट, दातांत तार.
बाबांनी टॉर्च धरला.

उजेड मीटरवर गेला, छतावर,
दत्ताच्या तसबिरीवर, आईच्या मानेवर,
पुन्हा छतावर.
बोर्डावर ठरेना.
घाम येत होता आम्हा तिघांना.

आईनं वळून पाहिलं नाही.
तार दातांतून काढली, म्हणाली,
'शरयूकडे द्या तो टॉर्च.
तुम्ही मला सांगा, काय काय करायचं.'

बाबा सांगू लागले. आधी मेन स्विच.
तो तिनं केव्हाच बंद केला होता.
हात कोरडे आहेत ना?
अंधारात तिनं ते पदराला पुसले, कोरडे होते तरी,
आणि म्हणाली, 'हं. मग?'